वेळेचा रकाना : ट्रॉमा वॉर्डातल्या एका संशोधकाचं प्रकरण

हे प्रकरण मुंबईतल्या एका मोठ्या सार्वजनिक रुग्णालयातल्या ट्रॉमा वॉर्डातलं, म्हणजे अपघातात जखमी झालेल्यांच्या वॉर्डातलं आहे. माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील बदलले आहेत. निर्णय आणि त्यांचा क्रम तसाच ठेवला आहे. ज्यांच्याभोवती हे सगळं फिरतं त्या सर्जन बाईंना मी डॉ. सु. म्हणते. मी त्या काळात त्याच कॉलेजच्या पीएसएम, म्हणजे प्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यकशास्त्र विभागात होते आणि त्यांच्या आकडेवारीचं काम पाहत होते. यातल्या एका वळणावर मी दिलेला सल्ला त्यांनी मानला नाही. तो भागही इथे आहे.

पार्श्वभूमी

डॉ. सु. विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावातून आल्या, इथेच एमएस झाल्या आणि इथेच लेक्चरर म्हणून लागल्या. इमर्जन्सी मेडिसिनला आपल्याकडे वेगळी शाखा म्हणून मान्यता मिळाली ती २००९ मध्ये. त्याआधी, आणि बहुतेक सरकारी-महापालिकेच्या रुग्णालयांत त्यानंतरही कित्येक वर्षं, अपघाताचा पेशंट जायचा तो त्या दिवशी ज्या सर्जरी युनिटची इमर्जन्सी असेल त्या युनिटकडे. रात्रभर पोटं उघडायची, छातीत नळ्या टाकायच्या, सकाळी तसंच राऊंडला उभं राहायचं. नाव आणि पैसा दुर्बिणीच्या ऑपरेशनांत आणि कॅन्सर सर्जरीत. हुशार रेसिडेंट ट्रॉमाची पोस्टिंग एमसीएचचा (एमएसनंतरच्या सुपरस्पेशालिटी पदवीचा) अभ्यास करत ढकलायचे.

डॉ. सु. तिथे स्वतःहून राहिल्या. का, असं विचारलं की म्हणायच्या, "पोट उघडलं की रक्त कुठून येतंय ते सापडतं. पण पेशंट का गेला ते केस पेपरमधून सापडत नाही."

त्या काळात मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर दर वर्षी तीन हजारांहून जास्त माणसं मरत होती. रूळ ओलांडताना, दारात लटकताना, फलाट आणि डब्याच्या फटीत. जखमी वेगळे. या वॉर्डातला मोठा हिस्सा त्यांचाच होता, आणि त्यातले बरेच जण केस पेपरवर नाव नसलेले : 'अननोन मेल, अंदाजे ३०'.

संशोधनाकडे त्या वळल्या त्याला दोन अभ्यास कारणीभूत झाले. पहिला डोक्याच्या दुखापतीत स्टेरॉइड देण्याबद्दलचा. पिढ्यान्‌पिढ्या डॉक्टर ते देत होते, सूज कमी होईल या भरवशावर. मग १०,००८ पेशंटवर नीट चाचणी झाली आणि २००४ मध्ये निष्कर्ष आला की स्टेरॉइड दिलेल्या गटात दोन आठवड्यांच्या आत जास्त माणसं मेली : १०० मागे २१.१, न दिलेल्या गटात १७.९. डॉ. सु. रेसिडेंट असताना त्यांनीही ते इंजेक्शन लिहिलं होतं. हा आकडा त्या कधी विसरल्या नाहीत.

दुसरा ट्रॅनेक्सॅमिक अ‍ॅसिडचा, २०१० सालचा. ४० देशांतली २७४ रुग्णालयं, २०,२११ पेशंट. भारतातली रुग्णालयंही त्यात होती. शरीरात रक्ताची गुठळी धरते आणि शरीरच ती विरघळवायलाही लागतं. हे औषध ते विरघळणं रोखतं. एक ग्रॅम दहा मिनिटांत, पुढचा एक ग्रॅम आठ तासांत. औषध दिलेल्यांत मृत्यू १४.५ टक्के, न दिलेल्यांत १६. आपल्याकडे ५०० मिलिग्रॅमचे अँप्युल मिळतात, म्हणजे पहिल्या डोसाला दोन अँप्युल. महागडं यंत्र नको, वेगळा तज्ज्ञ नको.

हे औषध शोधलं उताको आणि शोसुके ओकामोटो या जपानी दांपत्याने. १९६२ मध्ये त्यांनी ते जगासमोर मांडलं. उताकोबाई युद्धानंतरच्या जपानमध्ये तान्हं मूल पाठीशी बांधून प्रयोगशाळेत काम करत. बाळंतपणातल्या रक्तस्रावाने बायका मरू नयेत, हा त्यांचा ध्यास होता. डॉ. सु. ही गोष्ट दर सहा महिन्यांनी नव्या रेसिडेंटना सांगायच्या, आणि सांगताना दर वेळी थोड्या हळव्या व्हायच्या.

एका परदेशी विद्यापीठाबरोबर मिळालेल्या छोट्या अनुदानातून त्यांनी ट्रॉमा रजिस्ट्री, म्हणजे जखमी पेशंटांची पद्धतशीर नोंद, सुरू केली. तीन डेटा कलेक्टर, आठ-आठ तासांच्या पाळ्या. कॅज्युअल्टीत उभं राहायचं, नाडी, बीपी, श्वास, शुद्धीची पातळी, सीटीची वेळ, रक्ताची वेळ टिपायची. त्यांच्या डोक्यात पेपरचा विषयही पक्का होता : आपल्या वॉर्डात ट्रॅनेक्सॅमिक लवकर मिळालेले पेशंट जास्त वाचतात का?

प्रश्न कुठे उभा राहिला

पेपरचा मसुदा तयार झाला. एका राष्ट्रीय परिषदेने सारांश स्वीकारला. असोसिएट प्रोफेसरच्या बढतीसाठी प्रकाशनं लागतात आणि त्यांना नेमकं एक कमी पडत होतं. सगळं जुळून आलेलं.

मसुद्यावर शेवटचा हात फिरवायला आम्ही तिघी बसलो होतो : त्या, मी आणि डेटा कलेक्टरपैकी एक मुलगी, समाजकार्याची पदवी घेतलेली, बावीस-तेवीस वर्षांची. इजा झाल्यापासून इंजेक्शनपर्यंतच्या मिनिटांचा आलेख मी पडद्यावर लावला. तो गुळगुळीत असायला हवा होता. त्याला अर्ध्या तासावर एक सुळका होता, तासावर दुसरा.

मी म्हटलं, लोक वेळ गोल करून सांगतात, असं होतंच. ती मुलगी गप्प होती. मग म्हणाली, "मॅडम, इजेची वेळ सांगणारं कुणी नसेल तर आम्ही दाखल वेळेच्या अर्धा तास आधीची टाकतो. रकाना रिकामा ठेवला की सॉफ्टवेअर पुढे जात नाही."

तिची चूक नव्हती. रकाना सक्तीचा मीच केला होता, माहिती अपुरी राहू नये म्हणून.

हा रकाना एवढा महत्त्वाचा का, हे समजायला ट्रॅनेक्सॅमिकच्या त्याच मोठ्या चाचणीचं २०११ मध्ये आलेलं पुढचं विश्लेषण पाहावं लागतं. इजा झाल्यापासून तासाभरात औषध मिळालं तर रक्तस्रावाने मरणारे ५.३ टक्के, न मिळाल्यास ७.७. एक ते तीन तासांत ४.८ विरुद्ध ६.१. आणि तीन तासांनंतर उलटं : औषध मिळालेल्यांत ४.४, न मिळालेल्यांत ३.१. म्हणजे तेच औषध, तोच डोस, पण घड्याळाची एक रेघ ओलांडली की फायद्याच्या जागी तोटा. आमच्या तक्त्यात 'अर्धा तास' लिहिलेला अननोन पेशंट खरोखर चार तास रुळाशेजारी पडलेला असू शकत होता. तो आम्ही 'लवकर औषध मिळालेल्यां'च्या खात्यात मोजत होतो.

वेळ गायब का होती, याचं उत्तर रस्त्यावर आणि फलाटावर होतं. ज्याच्याबरोबर घरचं माणूस असतं त्याची वेळ कळते. एकट्याची कळत नाही. रस्त्यावरून उचलून आणणारे भले लोक टॅक्सीतून पेशंट उतरवून कॅज्युअल्टीच्या दारातूनच निघून जायचे, कारण पोलीस नाव-पत्ता घेतील, साक्षीला बोलावतील. जखमीवर आधी उपचार, कागद नंतर, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच सांगितलं होतं. पण ते डॉक्टरांसाठी होतं. मदत करणाऱ्याला संरक्षण देणाऱ्या मार्गदर्शक सूचना त्याच न्यायालयाने बंधनकारक केल्या ३० मार्च २०१६ रोजी, आणि मोटार वाहन कायद्यात त्या आल्या २०१९ च्या दुरुस्तीने. आमची ही बैठक त्याआधीची.

त्या बैठकीत आणखी एक गोष्ट उघडी पडली, आणि ती माझ्या विषयातली असूनही मी उशिरा मांडली. मृत्युदर १६ वरून १४.५ वर येतो हे दाखवायचं, तर अंदाजे दोन्ही गटांत नऊ-नऊ हजार पेशंट लागतात. मी तो हिशेब एका जुन्या केस पेपरच्या पाठीवर केला. एका वॉर्डात तेवढे गोळा करायला कित्येक वर्षं गेली असती. औषध काम करतं का, हे वीस हजार लोकांवर विचारून झालं होतं. आमच्या वॉर्डाने विचारायचा प्रश्न वेगळा होता : ते पेशंटपर्यंत पोचतं का, आणि किती वाजता?

समोरचे पर्याय

पहिला पर्याय, आहे तसा पेपर पाठवायचा. इजेच्या वेळेऐवजी दाखल वेळ धरायची आणि मर्यादांच्या परिच्छेदात एक ओळ लिहायची. विभागातल्या एका ज्येष्ठांचं हेच मत होतं. "सगळे असंच करतात," ते म्हणाले, आणि ते खोटं बोलत नव्हते. पेपर छापून आला असता.

दुसरा, ज्यांची वेळ खात्रीने माहीत आहे तेवढेच पेशंट ठेवायचे. वरवर हा सर्वांत प्रामाणिक वाटतो. मलाही क्षणभर तोच पटला. पण मग तक्त्यातून बाहेर कोण गेलं असतं? रेल्वेचे, बेशुद्ध, एकटे, अननोन. म्हणजे सर्वांत गंभीर आणि सर्वांत उशिरा आलेले. नातेवाईक असलेल्यांचा वॉर्ड उरला असता आणि त्याला आम्ही 'मुंबईतला ट्रॉमा' म्हणालो असतो. डॉ. सु. यावर एकच वाक्य बोलल्या : "हे लोक रस्त्यावर मोजले गेले नाहीत, निदान आपण तरी त्यांना खोडायला नको."

तिसरा, सारांश मागे घ्यायचा, वेळ मुळापासून नीट नोंदवायची व्यवस्था उभी करायची आणि नव्याने दोन वर्षं माहिती जमवायची. अनुदान संपायला दीड वर्ष उरलं होतं. बढतीची फेरी त्याच वर्षी होती.

चौथा पर्याय टेबलावर नव्हता पण खोलीत होता. त्यांना एका कॉर्पोरेट रुग्णालयातून बोलावणं आलं होतं. पगार तिप्पट, संशोधन शून्य. घरी सासूबाईंचं आजारपण आणि दहावीतला मुलगा.

पहिला निर्णय : सारांश मागे

त्यांनी एक रात्र घेतली. दुसऱ्या दिवशी परिषदेला पत्र गेलं : एका महत्त्वाच्या मापाच्या विश्वासार्हतेबद्दल शंका आल्याने सारांश मागे घेत आहोत. कारण लिहूच नका, असं त्यांना दोघांनी सुचवलं होतं. त्यांनी लिहिलं.

त्या वर्षी त्यांच्यानंतर लागलेले एक सहकारी असोसिएट प्रोफेसर झाले.

या निर्णयाकडे आज पाहताना मला वाटतं की तो त्यांनी एकटीने घ्यायला नको होता. रजिस्ट्रीत त्यांच्याबरोबर दोन लेक्चरर होते, त्यांचीही नावं त्या सारांशावर होती. त्यांना पत्र गेल्यावर कळलं. त्यातला एक पुढे या कामातून बाजूला झाला आणि त्याचा राग मला अजूनही रास्त वाटतो. निर्णय बरोबर होता. विचारणं राहून गेलं.

काय केलं

सुरुवात घड्याळांपासून झाली. डॉ. सु. एका दुपारी स्वतःचं मनगटी घड्याळ घेऊन कॅज्युअल्टीच्या टेबलापासून सीटीच्या खोलीपर्यंत, तिथून ब्लड बँकेत आणि वरच्या वॉर्डात फिरल्या. चार ठिकाणी चार वेळा. ब्लड बँकेचं घड्याळ पुढे होतं, वॉर्डातलं मागे. त्यामुळे कागदोपत्री काही पेशंटना रक्त मागवण्याआधीच मिळालेलं दिसत होतं. मामांना (वॉर्डबॉयना) शिडी आणायला सांगून सगळी घड्याळं एका वेळेवर लावली आणि दर सोमवारी सकाळी ती तपासायचं काम एका इंटर्नच्या यादीत घातलं.

मग इजेची वेळ. इथे ज्याने वाट दाखवली तो डॉक्टर नव्हता. रुग्णालयातल्या पोलीस चौकीत बसणारे एक हवालदार एमएलसीची, म्हणजे पोलिसांकडे नोंदवाव्या लागणाऱ्या केसची, नोंद घेताना डॉ. सुं.ना म्हणाले, "मॅडम, रेल्वेच्या केसची वेळ तर मेमोवर असते." स्टेशन मास्तरचा मेमो. रेल्वे पोलीस आणि हमाल स्ट्रेचर घेऊन येतात तेव्हा त्यांच्या हातात तो कागद असतो : कुठल्या दोन स्टेशनांमध्ये, कितव्या किलोमीटरच्या खांबाजवळ, कोणत्या गाडीच्या मोटरमनने कळवलं, किती वाजता. तो चौकीत जमा व्हायचा, एमएलसीच्या कागदांना टाचला जायचा आणि डॉक्टरच्या नजरेला कधी पडायचा नाही. ज्या माणसाचं नावही माहीत नव्हतं त्याची वेळ मिनिटासकट आमच्यापासून वीस पावलांवर पडून होती.

मेमोतली वेळ म्हणजे इजेची वेळ असंही नाही. रात्री पडलेला माणूस पहाटेच्या मोटरमनला दिसू शकतो. म्हणून रजिस्ट्रीत आम्ही एका रकान्याचे दोन केले : वेळ, आणि ती कुणाकडून मिळाली. नातेवाईक, मेमो, रुग्णवाहिका, स्वतः पेशंट, माहीत नाही. 'माहीत नाही' हे उत्तर सॉफ्टवेअर आता विनातक्रार घेत होतं. माझ्या सगळ्या कारकिर्दीत मी केलेली ही सर्वांत छोटी आणि सर्वांत उपयोगी दुरुस्ती असेल.

२०१४ च्या जानेवारीत महाराष्ट्रात १०८ ची सेवा सुरू झाली, ९३७ रुग्णवाहिका. त्यातून आलेल्या पेशंटच्या कागदावर फोन आल्याची, गाडी पोचल्याची वेळ असायची. ती पावती गाडीबरोबर परत जाऊ नये म्हणून कॅज्युअल्टीच्या सिस्टरांनी एक खिळा ठोकला. पावतीची प्रत त्यावर.

आणि शिक्का. फॉर्म कितीही चांगला असला तरी रात्री तीन वाजता रेसिडेंट तो भरत नाही. डॉ. सुं.नी पदरच्या पैशांनी एक रबरी शिक्का करून घेतला. केस पेपरवर मारला की तीन ओळी उमटायच्या : इजा __, दाखल __, इंजेक्शन __. बस्स. सिस्टर शिक्का मारायच्या, पहिल्या दोन वेळा डेटा कलेक्टर भरायचा, तिसरी ज्याने सिरिंज ढकलली त्याने भरायची.

एथिक्स कमिटीत यावर दोन बैठका झाल्या. नोंदी नेहमीच्या उपचारांच्याच, नाव काढून टाकलेल्या, त्यामुळे बेशुद्ध माणसाच्या संमतीची अट कमिटीने शिथिल केली. घरी गेल्यावर फोन करून विचारपूस करायची तर मात्र संमती घ्यायची, असं ठरलं. कमिटीतल्या वकील बाईंनी विचारलेला प्रश्न लक्षात राहिला : "पोलिसांच्या मेमोतली माहिती तुमच्या तक्त्यात गेली आणि उद्या कोर्टाने तक्ता मागवला तर?" म्हणून गाडीचा नंबर आणि खांबाचा नंबर आम्ही उतरवलेच नाहीत, फक्त वेळ घेतली.

दुसरा निर्णय : ट्रे

नव्या पद्धतीने सहा-सात आठवड्यांची माहिती जमली आणि जे दिसलं ते आम्ही अपेक्षिलेलं नव्हतं. आमचा समज असा की उशीर रस्त्यावर होतो. ट्रॅफिक, लेव्हल क्रॉसिंग, अरुंद जिने. उशीर तिथे होताच. पण ज्यांची वेळ खात्रीची होती त्यांच्यात दाखल झाल्यापासून इंजेक्शनपर्यंतचा वेळही थोडाथोडका नव्हता, आणि तो एकट्या पेशंटांत जास्त होता.

कारण साधं होतं. कॅज्युअल्टीच्या ट्रेमध्ये हे औषध नव्हतं. इंडेंट (मागणीची चिठ्ठी) लिहायचा, सही घ्यायची, औषध भांडारातून आणायचं. ज्याच्याबरोबर नातेवाईक होता तो धावत जाऊन बाहेरच्या केमिस्टकडून दोन अँप्युल घेऊन यायचा. अननोन पेशंटसाठी धावणारं कुणी नसायचं. मामा तेव्हा सीटीला दुसरा पेशंट नेत असायचे.

इथे आमचा मतभेद झाला. मी म्हटलं, तीन महिने थांबू. आधीची स्थिती नीट मोजली जाऊ दे, मग औषध ट्रेमध्ये ठेवू, नंतरचे तीन महिने मोजू. आधी आणि नंतर असा स्वच्छ फरक दाखवता येईल, इतर रुग्णालयांना पटेल, प्रशासनाला पटेल. माझ्या शास्त्राप्रमाणे हा सल्ला योग्य होता, आणि मी तो मनापासून दिला होता.

डॉ. सु. म्हणाल्या, "तीन महिने मी कुठल्या तोंडाने उभी राहू? मला माहीत आहे ना आता."

त्याच संध्याकाळी भांडारातून चाळीस अँप्युल स्वतःच्या सहीवर उचलले आणि लाल झाकणाच्या ट्रेमध्ये ठेवले. हिशेब सिस्टर-इन-चार्जकडे, रोज सकाळी मोजणी.

मी त्या रात्री नाराज होऊन घरी गेले. आमचा अभ्यास लंगडा झाला होता हे खरंच होतं. सहा-सात आठवड्यांच्या 'आधी'वर फार काही उभं राहत नाही. पण नंतर कित्येकदा या प्रसंगाकडे परत जाऊन मी एक गोष्ट मान्य केली आहे. जिथे औषधाचा उपयोग आधीच सिद्ध आहे तिथे उशीर मोजण्यासाठी उशीर चालू ठेवणं, याला मी 'आधीची स्थिती' हे निर्मळ नाव दिलं होतं. खाटेवरच्या माणसाला त्या नावाने काही फरक पडत नव्हता. २०१८ मध्ये ४० हजारांहून जास्त पेशंटच्या एकत्रित विश्लेषणातून पुढे आलं की दर पंधरा मिनिटांच्या उशिराने या औषधाचा फायदा साधारण दहा टक्क्यांनी घटतो. तेव्हा हा आकडा आमच्यापाशी नव्हता. त्यांचा निर्णय त्याच्याशिवाय झाला होता.

आणि दोन्ही गोष्टी साधण्याची वाट खरं तर होती. भांडाराच्या इंडेंट वहीत प्रत्येक मागणीची तारीख आणि वेळ असते. मागच्या वर्षभराची 'आधीची स्थिती' तिथे शाईने लिहिलेली होती; एकाही पेशंटला थांबवावं लागलं नसतं. हे मला सुचलं ते पुढच्या जूनमध्ये. तोवर जुन्या वह्या तळमजल्याच्या रेकॉर्ड रूममध्ये गेल्या होत्या आणि पहिल्याच मोठ्या पावसात तिथे पाणी शिरलं. मी त्या वह्या उघडून पाहिल्या आहेत. पानं एकमेकांना चिकटली होती.

काय निष्पन्न झालं

मृत्युदर कमी झाला का? ते आम्ही सांगितलं नाही, कारण आमच्या संख्येवरून ते सांगताच येत नव्हतं. हे वाक्य पेपरमध्ये ठेवण्यासाठी आम्हाला दोन नियतकालिकांशी वाद घालावा लागला. पहिल्या परीक्षकाला निष्कर्षात 'प्राण वाचले' असं काहीतरी हवं होतं. पेपर शेवटी एका मध्यम दर्जाच्या नियतकालिकात आला, विषय : अनोळखी जखमींच्या इजेची वेळ कुठून मिळवता येते. पहिल्या मसुद्यापेक्षा तो कमी चमकदार आहे. तो वाचून दुसऱ्या शहरातल्या दोन रुग्णालयांनी मेमोबद्दल विचारणा केली.

डॉ. सुं.ना बढती मिळाली, दोन फेऱ्या उशिरा. कॉर्पोरेट रुग्णालयाचं बोलावणं त्यांनी नाकारलं. कारण विचारल्यावर मुलाच्या दहावीचं सांगितलं.

अनुदान संपलं तेव्हा तिन्ही डेटा कलेक्टर गेले. ज्या मुलीने खरं सांगितलं होतं ती त्याआधीच गेली होती. रात्रपाळीत एका शाळकरी मुलाला आणलं होतं, त्याच्या सगळ्या वेळा तिने नीट भरल्या आणि सकाळी राजीनामा ठेवला. फॉर्मवर एकही चूक नव्हती. तिला कुणी विचारलं नव्हतं की रोज मरण पाहून तुला झोप लागते का. आम्ही सर्जन आणि सिस्टरांचाही तसा कधी विचार करत नाही, पण त्यांना निदान हातांनी काहीतरी करता येतं. तिला फक्त घड्याळाकडे पाहून लिहायचं होतं.

वेगळं काय करता आलं असतं

माहिती गोळा करणाऱ्यांना पहिल्या दिवशी विचारायला हवं होतं : कुठला रकाना भरताना हात अडखळतो? ते आम्हाला वर्षभर आधी कळलं असतं. त्यांच्यासाठी आठवड्यातून एकदा बसून बोलायची जागा हवी होती, आणि पेपरवर त्यांची नावं. पेपरच्या शेवटी आभाराची एक ओळ आहे. ती पुरेशी नाही, असं मी आज म्हणते. तेव्हा म्हणाले नाही.

सिस्टरांना सुरुवातीपासून संशोधनात घ्यायला हवं होतं. ट्रे, खिळा, शिक्का, ही सगळी व्यवस्था त्यांच्या खांद्यावर होती आणि आराखड्यात त्यांचा उल्लेख फक्त 'नर्सिंग स्टाफ' असा होता.

प्रशासनाकडे आधी जायला हवं होतं. चाळीस अँप्युल स्वतःच्या सहीवर उचलल्याचा खुलासा डॉ. सुं.ना पुढे लेखी द्यावा लागला. प्रकरण मिटलं, पण औषध ट्रेमध्ये ठेवण्याचा कायमचा आदेश निघायला त्यानंतर जवळजवळ वर्ष गेलं. आदेश आधी मागितला असता तर तेवढाच वेळ आधी गेला असता, असं त्या म्हणतात. मला तसं वाटत नाही. त्याच दिवशी औषध उचलून त्याच दिवशी अर्जही देता आला असता.

आणि घरी गेलेल्यांचं काय झालं, हे आम्हाला फार कमी कळलं. दिलेले फोन नंबर लागत नसत. पाय गमावलेला माणूस मुंबईत खोली भाड्याने ठेवत नाही, गावी जातो. जिवंत बाहेर पडला की आमचा रकाना भरायचा. त्याच्यापुरतं तिथूनच सुरू व्हायचं.

गेल्या वर्षी मी त्या कॅज्युअल्टीत गेले होते. रजिस्ट्री आता नाही. सिस्टर नव्या, रेसिडेंट नवे, डॉ. सु. कोण हे त्यातल्या एकालाही सांगता आलं नाही, त्यांची बदली झाली आहे. टेबलावर शिक्का होता. आधीचा झिजला म्हणून सिस्टरांनी नवा करून घेतला, आणि करताना तीन ओळींखाली स्वतःहून चौथी घातली : रक्त __.